शिरूर तीन, अमळनेर दोन! सॉफ्टवेअरला तुमचं गाव नेमकं कसं कळतं?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड आणि अहिल्यानगर रेल्वेने जोडले गेले. या मार्गावर अमळनेर लागतं. पण हे जळगावचं अमळनेर नाही, पाटोदा तालुक्यातलं 'अमळनेर (भांड्याचे)' आहे. बीडमधल्या शिरूर कासारचंही तसंच. पुण्यात शिरूर आहे, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ.

लोकांनी पिढ्यानपिढ्या वापरलेली ही युक्ती प्रोग्रामरही वापरतात. तिला म्हणतात 'नेमस्पेस'.

नेमस्पेस म्हणजे काय?

सोप्या भाषेत, नावाआधीचा पूर्ण पत्ता. एकाच प्रोजेक्टमध्ये दोघांनी 'यादी' नावाचा कोड लिहिला, तर कॉम्प्युटर गोंधळतो. 'पीकविमा.यादी' आणि 'रेशन.यादी' असं लिहिलं की प्रश्न मिटतो. महाराष्ट्र, बीड, आष्टी असा पत्ता दिला की वर्ध्याच्या आष्टीशी गल्लत होत नाही, तसंच हे.

मग अडचण कुठे येते?

नाव बदलतं तेव्हा. बीडच्या सीमेवरच्या तीन जिल्ह्यांची नावं बदलली: २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, २०२४ मध्ये अहिल्यानगर. बीडचं नाव तेच राहिलं, पण इंग्रजी स्पेलिंग दोन. २०११ च्या जनगणनेत 'बी-आय-डी', इतरत्र 'बी-डबल ई-डी'. दोन याद्या फक्त नावावरून जोडल्या, तर सॉफ्टवेअरला हे दोन वेगळे जिल्हे वाटतील. मग पात्र असूनही एखाद्याचं नाव यादीतून गळू शकतं.

उपाय काय?

नाव माणसांसाठी, कोड मशीनसाठी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड २७, तर बीडचा ५२३ होता. स्पेलिंग कसंही लिहा, आकडा तोच.

रेल्वेचे कोड मात्र नावावरून पडतात. म्हणून २०२५ मध्ये औरंगाबाद स्थानकाचा 'एडब्ल्यूबी' जाऊन 'सीपीएसएन' आला, उस्मानाबादचा 'यूएमडी' जाऊन 'डीआरएसव्ही'. असा बदल झाला की जुना कोड वापरणाऱ्या प्रत्येक ॲपला दुरुस्ती करावी लागते.

आताच का महत्त्वाचं?

२०२७ ची जनगणना देशातली पहिली डिजिटल जनगणना आहे. २०११ च्या आकड्यांशी तुलना करताना जुनी आणि नवी नावं अचूक जुळवावी लागणार.

तोवर तुमच्या हातात एवढं आहे: ऑनलाइन फॉर्म भरताना फक्त गावाचं नाव पाहून पुढे जाऊ नका. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. तिन्ही तपासा आणि मगच 'सबमिट' दाबा.