घरात 'मदत' करणारे धनी

दसरा झाला की आमच्या गावातल्या घराघरांच्या माळ्यावरून जुनी वर्षे खाली उतरू लागतात. पितळेचे डबे, कान तुटलेली कढई, आजीच्या लुगड्याची गोधडी, कोणाच्या तरी मुंजीत आलेला आणि अजून न वापरलेला तांब्या असे सगळे अंगणात येऊन उन्हात बसते. घरातल्या बायका डोक्याला फडके गुंडाळून जळमटे काढतात, डबे चिंच लावून घासतात, गोधड्या आपटतात. आणि या धामधुमीत घरचा पुरुष कोठे असतो? तोही अंगणातच असतो. त्याच्या हातात चहाचा कप असतो आणि रस्त्याने कोणी ओळखीचे गेले की तो प्रसन्नपणे सांगतो, "काही नाही, सध्या आमची सफाई चालली आहे!"

हा 'आमची' शब्द ऐकून त्या घासलेल्या डब्यांनासुद्धा हसू येत असेल.

या पुरुषाला मी फार जवळून ओळखतो, कारण वीस वर्षे मी तोच होतो. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे, ते उंच ओट्यावर बसून दिलेले प्रवचन समजू नये. आरोपीनेच दिलेली ती साक्ष आहे.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी एका दिवाळी अंकासाठी कथा लिहीत होतो. कथेत एक कष्टाळू माउली होती. ती पहाटे उठून सडा घालीत होती, धुण्याचा ढीग उपशीत होती, आणि तिच्या भेगाळलेल्या हातांचे वर्णन मी मोठ्या मायेने करीत होतो. "अहो, जरा स्टूल धरता का?" अशी हाक स्वयंपाकघरातून दोनदा आली. मी दोन्ही वेळा "आलोच" म्हटले आणि परिच्छेद पुरा करीत बसलो. तिसऱ्या खेपेला हाक आली नाही, आवाज आला. पत्नीचे मनगट मोडले. हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. कथा वेळेवर छापून आली आणि वाचकांना आवडली. ती प्रत मी आजवर पुन्हा उघडलेली नाही.

त्या सहा आठवड्यांत घर माझ्या हाती आले. केर काढणे, लादी पुसणे, भांडी घासणे, कपडे वाळत घालणे ही कामे कोणाही धडधाकट माणसाला चार दिवसांत जमतात. मलाही जमली. मला जमले नाही ते आठवणे. रात्री निजण्यापूर्वी दुधाला विरजण लावायचे, हे कोणी आठवायचे? मटकी आज भिजत घातली तर परवा उसळ होईल, धाकटीचा गणवेश गुरुवारीच धुतला पाहिजे, अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजले पाहिजेत, भाजणी दळायची तर गिरणी कोणत्या वारी बंद असते, हा सारा हिशेब कोणाच्या डोक्यात? घर म्हणजे नुसते केर आणि भांडी नव्हे. ते एक अखंड चाललेले टाचण आहे, आणि ते कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. पत्नी गळ्यात हात अडकवून पलंगावरून मला सांगे आणि मी करीत असे. सहा आठवडे मी फक्त हात झालो होतो. घर तीच चालवीत होती.

तरी कौतुक झाले ते माझे. आळीतल्या बायका येत आणि म्हणत, "भाग्यवान आहात हो वहिनी, घरात किती मदत करतात!" मला ते गोड लागे. अशीच एक शेजारीण उठून गेल्यावर पत्नी शांतपणे म्हणाली, "मी वीस वर्षं कोणाला मदत करत होते हो?"

या प्रश्नाला मला उत्तर सुचले नाही. ते नाहीच. मदत शेजाऱ्याला करतात, परक्याच्या लग्नात करतात, बस चढणाऱ्या म्हातारीला करतात. घरपट्टीची पावती ज्याच्या नावाने फाटते, तो त्या घरात 'मदत' कशी करतो? पावती घेताना मालक आणि केर काढताना पाहुणा! माझे म्हणणे एवढेच आहे की, यंदा माळ्यावरच्या अडगळीबरोबर हा एक शब्द घराबाहेर काढावा. तो शब्द आहे तोवर काम बाईचेच राहते. पुरुषाने केले तर उपकार, आणि तिने केले तर त्यात काय विशेष?

यावर पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. पहिला आक्षेप ठरलेला आहे: पुरुष बाहेर राबतो. राबतो, हे मान्य. पण आता त्याच घरातली बाई शाळेत, बँकेत, शेतात, दवाखान्यात राबून परत येते, तेव्हा चपला काढून ती थेट ओट्याकडे जाते आणि तो खुर्चीकडे जातो. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली. दिवसात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ निघाले आणि बायका ८१. हात लावणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७. २०२४ साली पुन्हा मोजले तेव्हा बायकांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत बायकांच्या वाट्याचे दहा मिनिटांनी कमी झाले, तर पुरुषांनीही आपले नऊ मिनिटांनी कमी करून घेतले! आम्ही हिशेबात कच्चे आहोत असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप असा की, बायकांनाच आमचे काम पसंत पडत नाही. खरे आहे. मी घासलेल्या कढईला तेलाचा हात तसाच असे आणि ती पुन्हा घासली जाई. पण मी मास्तर आहे. पहिलीतल्या मुलाचे अक्षर वेडेवाकडे येते, म्हणून त्याची पाटी मी जन्मभर लिहून देत नाही. त्याला पुन्हा गिरवायला लावतो. शिवाय, खोटे कशाला बोला, आपल्यापैकी कित्येकजण काम मुद्दाम वाईट करतात. एकदा वाईट केले की पुन्हा कोणी सांगत नाही, ही युक्ती माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरही ठाऊक आहे.

तिसरा आक्षेप सुखवस्तू घरांचा: आमच्याकडे धुण्याचे यंत्र आहे, कामाला बाई आहे, मग तंटा कसला? यंत्र कपडे धुते, पण ते गोळा करीत नाही, दोरीवर घालीत नाही, घड्या करीत नाही. आणि कामाला येणारी बाई दिवाळीपूर्वी चार घरांचे माळे उतरवते, तेव्हा तिचा स्वतःचा माळा कधी उतरतो? रात्री दहानंतर. एका बाईचे ओझे दुसऱ्या, अधिक गरीब बाईच्या डोक्यावर दिले, म्हणजे पुरुषाने आपला वाटा उचलला असे होत नाही.

माझा स्वतःचा वाटा तर घराबाहेरही थकलेला होता. शाळेत वर्ग झाडायला मुली आणि बाके उचलायला मुलगे, अशी वाटणी मी वर्षानुवर्षे केली. ती मला सूर्योदयासारखी स्वाभाविक वाटे. पत्नीच्या त्या प्रश्नानंतर मी हजेरीच्या क्रमाने केरसुणी द्यायला लागलो. तिसऱ्याच दिवशी एका मुलाच्या घरून तक्रार आली, "आमच्या मुलाच्या हाती केरसुणी दिलीत?" तक्रार घेऊन वडील आले नव्हते, आई आली होती. मी तिला बालभारतीचे, २०१९ साली आलेले दुसरीचे पुस्तक दाखवले. त्यात आई आणि बाबा मिळून भाजी निवडत आहेत. ती चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "पुस्तकात असतंय, गुरुजी." या तीन शब्दांपुढे माझे सगळे ज्ञान फिके पडले.

आपण मोठी विचित्र माणसे आहोत. गाडगेबाबा गावात शिरले की आधी रस्ते झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या नावाने आपण अभियाने केली. २ ऑक्टोबरला चौकात नवे झाडू घेऊन छायाचित्रे काढतो. चौकातल्या झाडूला हार मिळतो, म्हणून तो आपण धरतो. घरातल्याला मिळत नाही, म्हणून तो दाराआड राहतो. आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याच केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतो! शिंदीच्या पानांची ती केरसुणी पिढ्यानपिढ्या बांधली मातंगांच्या हातांनी. त्यांना आपण वेशीबाहेर ठेवले. ती चालवली घरच्या बायकांच्या हातांनी. त्यांना चुलीपाशी ठेवले. पूजा मात्र केरसुणीची केली, कारण केरसुणी काही मागत नाही.

आमच्या घरी आता दूध, किराणा आणि रात्रीचा ओटा ही तीन खाती माझी आहेत. माझी म्हणजे आठवणीसकट. परवाच विरजण लावायला विसरलो. पत्नीने आठवण केली नाही. सकाळी सगळ्यांनी दह्यावाचून जेवण केले, आणि तेव्हापासून मी विसरलो नाही.

कित्येक घरांत अशी चाल आहे की लक्ष्मीपूजनाची रात्र सरताना, पाडवा उजाडण्यापूर्वी, नव्या केरसुणीने घर झाडतात आणि केर उंबऱ्याबाहेर टाकून अलक्ष्मीला घालवून देतात. तो केर आजवर बायकांनीच काढला. यंदा तो घरच्या पुरुषाने काढावा. दिवस उजाडल्यावर पत्नी ओवाळील, तेव्हा तबकात जे घालायचे ते घालावेच. पण केरसुणी हातातून खाली ठेवताना ती पुन्हा कोणाच्या हाती जाणार आहे, याचा क्षणभर विचार करावा. आणि शेजाऱ्याने विचारलेच, तर "मदत करतोय" असे मात्र म्हणू नये. "केर काढतोय" एवढेच म्हणावे.