उधव्याची आजी आणि आमचे उत्क्रांतिवादी

अलीकडे स्त्रीच्या मनाविषयी लिहायचे म्हटले की उत्क्रांतीचा दाखला देण्याची रीत पडली आहे. वयात येतानाची घालमेल, बाळंतपणानंतरचे औदासीन्य, पाळी जातानाची चिडचिड : साऱ्यांना उत्तर एकच, 'निसर्गाने तिला तशीच घडवली'. त्यातून विषय वारली स्त्रीचा असेल तर विचारायलाच नको. तलासरी तालुक्यातील उधव्याची बाई आमच्या विद्वानांना आदिमानवाचा जिवंत पुरावाच वाटते. या दोन्ही गोष्टींना आमचा विरोध आहे.

विरोध उत्क्रांतिविचाराला नाही. बाळंतिणीचे औदासीन्य ही आधार अपुरा पडत असल्याची आप्तांना दिलेली सूचना असू शकते, असे एडवर्ड हेगन यांनी १९९९ साली मांडले. पाळी गेलेली आजी कंदमुळे खणून नातवंडे जगवते, म्हणून स्त्रीला हे दीर्घ उत्तरायुष्य लाभले असावे, असे क्रिस्टन हॉक्स यांनी टांझानियातील हाड्झांच्या अभ्यासावरून सुचवले. दोन्ही गृहीतके वादग्रस्त आहेत. पण दोन्हींचा रोख 'स्त्रीस्वभावा'कडे नसून तिला मिळणाऱ्या आणि तिने दिलेल्या आधाराकडे आहे. आमचे स्वभाववादी नेमके तेवढेच गाळतात.

मग प्रश्न उरतो, हा आधार कोणी हिरावला? गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' पुन्हा उघडावे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. बाईच्या देहावरही जमीनदार हक्क सांगे. १९४५ साली वारल्यांनी वेठ झुगारली ती याच पट्ट्यात. त्या नववधूच्या खिन्नतेचे मूळ लक्षावधी वर्षांपूर्वीच्या गवताळ रानात शोधायचे, की सावकाराच्या वहीत?

आजही पावसाळा सरला की इथली अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. लेकुरवाळी भट्टीवर, म्हातारी गावात. गृहीतकातील आजी आणि नातवंड यांच्यामध्ये मजुरीचा अख्खा हंगाम उभा राहतो. तो कोणत्याही जनुकाने घडवलेला नाही.

आणि आदिमता म्हणाल, तर वारल्यांत गाणी गाऊन लग्न लावते ती धवलेरी, एक स्त्री. हा अधिकार आमच्या 'प्रगत' घरांतील किती स्त्रियांना आहे? अभ्यासक्रमात आम्ही तिला 'लोकसाहित्य' या सदरात बसवून मोकळे होतो.

उत्क्रांती वाचावी, जरूर वाचावी. मात्र तिच्या आडोशाला इतिहास दडवू नये. 'तिचा स्वभावच तसा' हे वाक्य वर्गात उच्चारण्यापूर्वी 'तिच्या हाताखाली कोण आहे?' एवढे तरी विचारावे, असे आमचे सांगणे आहे.