नळ दिला, पण सांडपाण्याचे काय?

गावात नळ आला म्हणजे मंत्री येतात, नारळ फुटतो, भाषणे होतात. त्याच नळाचे पाणी मोरीतून बाहेर पडल्यावर कोठे जाते, हे पाहावयास मात्र कोणी जात नाही. माणशी दररोज १३५ लिटर हे नागरी पाणीपुरवठ्याचे मान्य परिमाण आहे. त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. या हिशेबाने तीस हजार वस्तीच्या तालुक्याच्या गावातून रोज बत्तीस लाख लिटर सांडपाणी निघेल. ते उघड्या गटारांतून ओढ्यात व ओढ्यातून नदीत जाते. आणि त्याच नदीवर पुढच्या गावाची पाणीयोजना उभी असते. एका गावाची घाण दुसऱ्या गावाच्या हंड्यात जावी, ही कसली सुधारणा?

नदीनाल्यांत दूषित द्रव्ये सोडण्यास १९७४ च्या कायद्याने मनाई आहे. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेला हिशेब पाहावा. देशातील नागरी वस्तीत रोज सुमारे ७,२३७ कोटी लिटर सांडपाणी निर्माण होत होते. शुद्धीकरणाची यंत्रणा उभारली होती ३,१८४ कोटी लिटरांची. आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते अवघे २,०२४ कोटी लिटर. यंत्रणा अपुरी आहे हे खरेच. पण जी उभारली तिच्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक उपयोगात येत नव्हती, हे अधिक लाजिरवाणे होय. बांधावयास सरकार पैसा देते. चालवावयास कोण देणार, हा प्रश्न बांधण्यापूर्वी कोणी विचारीत नाही.

लहान गावाला भुयारी गटारे परवडत नाहीत, हे नगर परिषदांचे नेहमीचे उत्तर. कृष्णाकाठच्या वाईने हे उत्तर पुरे नाही असे दाखविले. २०११ च्या जनगणनेत या गावाची वस्ती छत्तीस हजारांच्या घरात होती. संडासाची टाकी तुंबेपर्यंत वाट पाहण्याची सर्वत्र रूढ असलेली रीत सोडून, प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा यंत्राने उपसण्याचा क्रम तेथे २०१८ साली सुरू झाला. उपसलेल्या मैल्यावर रोज सत्तर हजार लिटरांपर्यंत प्रक्रिया करणारे केंद्रही उभे राहिले. यातली खरी मोठी गोष्ट केंद्र ही नव्हे. खर्चासाठी नागरिकांवर स्वच्छता कर बसविण्याचे धैर्य, ही होय.

अर्थात एवढ्याने काम संपत नाही. टाकीतला गाळ काढला तरी टाकीवाटे झिरपणारे आणि मोरी-न्हाणीतले पाणी गटारातच जाते. परंतु त्यासाठीही प्रत्येक गावाला अवजड, वीजखाऊ यंत्रे लागतात असे नाही. जमीन उपलब्ध असेल तेथे ऊन, हवा व जंतू यांच्या साहाय्याने पाणी शुद्ध करणारी उथळ तळी अल्प खर्चात चालविता येतात, आणि ते पाणी शेतीला देता येते.

शहरवासी वाचकांनी हे वाचून नाक मुरडण्याचे कारण नाही. पुण्याचे पुरते शुद्ध न झालेले सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तेथून उजनीच्या जलाशयात वर्षानुवर्षे जात आले आहे. मोठ्यांनीच हा कित्ता घालून दिल्यावर लहानांना कोणत्या तोंडाने बोल लावावा?

आमचे म्हणणे साधे आहे. ज्या पाणीयोजनेच्या आराखड्यात सांडपाण्याची व्यवस्था आणि ती चालविण्याच्या वार्षिक खर्चाची तरतूद नाही, ती योजना सरकारने मंजूरच करू नये. पाणीपट्टीइतकीच सांडपाण्याची पट्टी नागरिकांनी आपले कर्तव्य म्हणून भरावी. आणि ती भरल्यावर, केंद्र आज चालले की नाही, असा जाब नगर परिषदेला रोज विचारावा. नदीला माता म्हणावयाचे आणि तिच्या पदरात मोरी सोडावयाची, हा दांभिकपणा आता पुरे झाला!