पान का वळले?

छत्रपती संभाजीनगरच्या उन्हाळ्यात आपल्या गच्चीवरील मिरचीची पाने वळू लागली, तर फवारणीची घाई करू नये. प्रथम भिंगातून पानाची खालची बाजू न्याहाळावी. कडा वर वळून पान होडीसारखे झाले असेल, तर बहुधा फुलकिडे असतात; कडा खाली वळल्या असतील, तर कोळी. अशा वेळी सायंकाळी निंबोळी अर्क फवारावा. पाने बारीक होऊन शेंड्याला गुच्छ झाला, तर तो पांढऱ्या माशीने पसरणारा बोकड्या समजावा. या विषाणूवर औषध नाही; रोप उपटून टाकावे. दुपारी मलूल होऊन सायंकाळी सावरणारी पाने मात्र केवळ उन्हाने त्रासलेली असतात. ज्येष्ठांच्या ताटातील मिरचीवर वा काढ्यातील तुळशीवर शेतातले तीव्र कीटकनाशक कदापि वापरू नये.