कॉम्प्युटर सुरू होईना? आधी फोटो वाचवा, मग फॉरमॅट करा

गेल्या महिन्यात रात्री १० वाजता इंदूरहून मावशीचा फोन आला. आवाज रडवेला होता. ‘‘अगं, कॉम्प्युटर चालूच होत नाहीये. दुकानदार म्हणतो व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारावं लागेल. करू देऊ का त्याला?’’

‘‘मावशी, त्यात काय काय आहे?’’ मी विचारले.

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘तुझ्या काकांचे सगळे फोटो त्यातच आहेत गं.’’

काकांना जाऊन ३ वर्षे झाली. त्या फोटोंची दुसरी कॉपी कुठेच नव्हती. ‘‘मग आज कुणालाही हात लावू देऊ नकोस,’’ मी म्हटले.

झाले असे होते की, मावसभावाने एका अनोळखी साइटवरून फुकटचा गेम डाउनलोड केला. ‘अँटीव्हायरस बंद करा’ असे तिथे लिहिले होते, ते त्याने ऐकले. दुसऱ्या दिवशी विंडोज सुरूच होईना.

तुमच्याही घरी असे झाले तर एक गोष्ट लक्षात ठेवा. विंडोज पुन्हा टाकता येते, पण गेलेले फोटो परत मिळतीलच असे नाही. म्हणून घाई न करता पुढील क्रमाने जा.

आधी इंटरनेट तोडा

वायफाय राउटर बंद करा किंवा केबल काढा. त्यामुळे व्हायरस घरातल्या दुसऱ्या उपकरणांपर्यंत पोहोचण्याचा धोका कमी होतो. कॉम्प्युटरला लावलेला पेन ड्राइव्हही काढून ठेवा आणि तपासल्याशिवाय दुसरीकडे लावू नका.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर बिघाड डिस्कचाच असू शकतो. अशावेळी कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा सुरू करू नका, डेटा रिकव्हरीच्या जाणकाराला दाखवा.

सेफ मोड वापरून पाहा

कॉम्प्युटर सुरू करा. विंडोजचे चिन्ह दिसताच पॉवरचे बटण दाबून धरा आणि बंद करा. असे २-३ वेळा केल्यावर दुरुस्तीची स्क्रीन येते. तिथे ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन रीस्टार्ट करा आणि ४ दाबा. हा झाला सेफ मोड. यात फक्त गरजेपुरते विंडोज चालते, त्यामुळे बरेच व्हायरस आपोआप सुरू होत नाहीत.

सेफ मोड उघडला तर आधी फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. गेम, सॉफ्टवेअर किंवा ‘ईएक्सई’ फाइल्स घेऊ नका, कारण व्हायरस त्यातच लपलेला असू शकतो.

सेफ मोडही उघडला नाही तर?

मावशीकडे हेच झाले. तेव्हा शेजारच्या कॉलेजकुमाराच्या लॅपटॉपवर आम्ही उबंटूचा पेन ड्राइव्ह बनवून घेतला. उबंटू ही मोफत सिस्टम आहे. ‘ट्राय उबंटू’ निवडले की ती इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून चालते. विंडोज बंद असल्यामुळे त्यातला व्हायरसही झोपलेला राहतो आणि फाइल्स कॉपी करता येतात.

डिस्क उघडताना कुलूप दिसले तर ती एन्क्रिप्ट केलेली आहे. त्यासाठी ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की लागते. बऱ्याचदा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. फोनवरून लॉगिन करून पाहा.

आता दुरुस्ती

फोटो सुरक्षित झाल्यावर त्याच दुरुस्तीच्या स्क्रीनवर आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ करून पाहा. जमले नाही तर ‘सिस्टम रिस्टोर’ निवडा. ते विंडोजला आधीच्या एखाद्या तारखेच्या स्थितीत नेते.

विंडोज सुरू झाले की लगेच निश्चिंत होऊ नका. ‘विंडोज सिक्युरिटी’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. याला साधारण १५ मिनिटे लागतात आणि हे विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी करते. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही व्हायरस काढण्याची मोफत साधने मिळतात.

तरीही त्रास राहिला तर फॉरमॅट करणेच योग्य. त्यासाठी दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर किमान ८ जीबीचा विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवा. पेन ड्राइव्ह रिकामा असावा, कारण त्यातले सगळे पुसले जाते.

पैसे मागितले तर देऊ नका

फाइल्सची नावे बदलली असतील आणि स्क्रीनवर पैशांची मागणी दिसत असेल तर ते रॅन्समवेअर आहे. पैसे देऊनही फाइल्स मिळतील याची खात्री नसते. स्क्रीनचा फोटो काढा, १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि बंद झालेल्या फाइल्स पुसू नका. युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. काही रॅन्समवेअरचे कुलूप उघडणारी मोफत साधने तिथे मिळतात.

पासवर्ड विसरू नका

अनेक व्हायरस ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरतात. म्हणून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड फोनवरून लगेच बदला, कॉम्प्युटर दुरुस्त होण्याची वाट पाहू नका.

मावशीचा कॉम्प्युटर शेवटी फॉरमॅट करावाच लागला. त्यातला हिशेब, गेम सगळे गेले. पण त्याआधी काकांचे फोटो बाहेर काढले होते. आता त्यांची एक कॉपी कपाटातल्या हार्ड डिस्कवर आहे आणि एक क्लाउडवर. डिस्क कॉपी करण्यापुरतीच जोडायची, असा मावशीचा सक्त नियम आहे.

तुमच्या घरातले जुने फोटो कुठे आहेत? एकाच कॉम्प्युटरमध्ये असतील तर या रविवारी त्यांची दुसरी कॉपी नक्की करा.