खेळण्यांची वाटणी

कुत्रा आणि मांजर एकाच घरात पाळण्याची हौस मध्यमवर्गात वाढली, तशी बाजारात त्यांची खेळणीही आली. परंतु खेळण्यांनी टोपली भरली की घरात शांतता नांदेल, ही अपेक्षा फोल आहे. पुरवठ्याइतकाच वाटणीचाही विचार करावा लागतो.

मांजराचा खेळ म्हणजे शिकारीची तालीम : दबा, झेप आणि काही मिनिटांत विश्रांती. कुत्र्याला धावणे, ओढणे, चावणे हवे असते. आवडती वस्तू राखताना तो गुरगुरतोही. मांजराचा इवलासा चेंडू त्याच्या घशात अडकू शकतो. दोरा मांजराला अधिक घातक. त्याच्या जिभेवरील काटे घशाच्या दिशेने वळलेले असल्याने तोंडात गेलेला दोरा सहजी बाहेर टाकता येत नाही. तो आतड्यात अडकतो. आमच्या घरी शिवणाच्या डब्यातील दोऱ्याने हा धडा दिला, तो शस्त्रक्रियेवर निभावला.

उपाय खर्चिक नाहीत. दोघांना निरनिराळ्या खोल्यांत खेळवावे, मांजरासाठी उंच फळी मोकळी ठेवावी, दोरीची खेळणी खेळ संपताच कपाटात ठेवावीत. घटत्या उपयोगितेचा नियम येथेही दिसतो : सदैव समोर असलेल्या खेळण्याचे आकर्षण ओसरते, आठवड्याने काढलेले पुन्हा नवे वाटते. म्हणून मोजकी खेळणी आलटूनपालटून पुरतात.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. त्यासाठी रोजचा पाव तासही देता येत नसेल, तर प्राणी घरी आणण्यापूर्वी पुन्हा विचार करणेच श्रेयस्कर.