मदत घ्यावी कुणाची?

भूकंप, पूर, वादळ, काहीही झालं की आपल्या बैठकांमध्ये एक विषय हमखास निघतो. गावात मिशनची माणसं मदत घेऊन आली आहेत, त्यांच्याबरोबर काम करायचं की नाही? एक जण म्हणते, "त्यांचा डोळा धर्मांतरावर असतो, आपण लांब राहिलेलं बरं." दुसरी म्हणते, "निदान येतात तरी! बाकीचे कुठं आहेत?" तासभर वाद होतो आणि बैठक संपते. ज्या बाईचं घर पडलं, तिला काय हवं आहे हे मात्र विचारायचं राहूनच जातं.

हा वाद बिनमहत्त्वाचा आहे असं मी म्हणत नाही. पण तो आपण चुकीच्या टोकानं धरतो, असं मला वाटतं. दोन भूकंपांची उदाहरणं घेऊन बघू.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये भूकंप झाला. शनिवारची दुपार होती, बाराला चार मिनिटं कमी होती. केंद्र गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ, तीव्रता ७.८. १२ मे रोजी पुन्हा मोठा धक्का बसला. दोन्ही मिळून सुमारे नऊ हजार माणसं गेली. नेपाळात शनिवारी सुट्टी असते. म्हणून शाळा रिकाम्या होत्या आणि हजारो मुलं वाचली. पण तिथले ख्रिस्ती लोक प्रार्थनेला जमतात तेही शनिवारीच, त्यामुळे काही ठिकाणी माणसं चर्चच्या इमारतीखाली सापडली. मिशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परदेशी गोरा माणूस येतो. नेपाळातल्या डोंगरातल्या मंडळ्या मात्र तिथल्याच जनजाती आणि दलित कुटुंबांच्या आहेत. त्या दिवशी मदत करणारे आणि मदतीची गरज असलेले यांच्यात फारसा फरक नव्हता.

काठमांडूच्या दक्षिणेला, ललितपूर जिल्ह्यात लेले गावाजवळ आनंदबन नावाचा दवाखाना आहे. आपल्या आनंदवनाशी नाव जुळतं आणि कामही. लेप्रसी मिशन या ख्रिस्ती संस्थेचा हा कुष्ठरोग्यांचा दवाखाना १९५७ पासून चालू आहे. याच मिशनचे दवाखाने आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात कोठाऱ्याला आणि मिरजेलाही आहेत. कुष्ठरोग्यांचा दवाखाना म्हटला की लोक चार हात लांब राहतात. पण भूकंपानंतर आसपासच्या गावांतून हाडं मोडलेली, जखमी झालेली माणसं तिथंच आणली गेली आणि दवाखान्यानं सगळ्यांवर उपचार केले.

हे त्यांना जमलं याचं कारण साधं आहे. ही माणसं तिथं आधीपासून होती. आखडलेली बोटं आणि लोळा पडलेला पाय यांच्यावर शस्त्रक्रिया करणं, मग महिनोन्महिने व्यायाम करून घेणं, कृत्रिम पाय बसवणं हे त्यांचं रोजचंच काम. भूकंपात पाय गेलेल्या बाईला नेमकं हेच लागतं, आणि ते आठ दिवसांत आटोपत नाही. बाहेरून आलेली पथकं तंबू गुंडाळून परततात. तिच्या पायाचा पट्टा तुटतो तो त्यानंतर वर्षभरानं. तेव्हा जायला जवळ एखादं दार असलं पाहिजे. छोट्या मिशनची खरी ताकद मला इथं दिसते. माणसं थोडी आणि पैसा बेताचा, पण रस्ता माहीत, भाषा माहीत, घरं माहीत.

मात्र एवढ्यावर बाईचा प्रश्न सुटत नाही. नेपाळात मेलेल्यांमध्ये बायका आणि मुलींची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती, शंभरात जवळपास पंचावन्न. भर दुपारी घरात, चुलीपाशी, म्हाताऱ्यांजवळ कोण असतं? शिवाय डोंगरातले कितीतरी पुरुष आखातात आणि मलेशियात मजुरीला गेलेले. मागे राहिलेल्या बायकांनीच ढिगारे उपसले. पुढे सरकारनं घर बांधायला तीन लाख नेपाळी रुपये जाहीर केले, तीन हप्त्यांत. पण त्यासाठी जमिनीचा कागद हवा. त्याला तिथं लालपुर्जा म्हणतात, म्हणजे आपला सातबाराच समजा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नेपाळात शंभरातल्या वीसच कुटुंबांत बाईच्या नावावर जमीन होती. ज्या विधवेचा कागद सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावे, तिनं काय करायचं? मिशनचा डॉक्टर हाड जोडून देईल, पण कागदावर तिचं नाव घालणं त्याच्या हातात नाही. तिथं बायकांची संघटनाच लागते.

आता दुसरं उदाहरण. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. लाखाहून जास्त माणसं गेली. सतरा दिवसांनी, २९ जानेवारीला, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या बाप्टिस्ट मंडळीतली दहा माणसं ३३ मुलांना घेऊन शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये निघाली होती. सरहद्दीवर त्यांना अडवलं गेलं, कारण मुलांना देशाबाहेर नेण्याचे कागद त्यांच्याकडे नव्हते. अनाथांना आसरा द्यायला नेतोय, असं त्यांचं म्हणणं. चौकशीत कळलं की मुलांचे आईबाप जिवंत होते! शिक्षण मिळेल, पोटभर खायला मिळेल, भेटायलाही येता येईल असं सांगितल्यावर त्यांनी आपल्या हातानं मुलं दिली होती. नऊ जणांना पुढे सोडण्यात आलं. गटाच्या प्रमुख लॉरा सिल्सबी यांना मे महिन्यात शिक्षा झाली. तुरुंगात काढलेले दिवस तीत धरून त्यांची सुटका झाली.

या माणसांच्या मनात काळंबेरं होतं असं मी म्हणणार नाही. आपण देवाचं काम करतोय अशीच त्यांची समजूत असावी. मला टोचतं ते वेगळंच. उपाशी पोराला वाचवायचं तर त्याच्या आईला धान्य, ताडपत्री आणि चार पैसे द्यावेत, एवढी साधी गोष्ट त्यांना सुचली नाही. आई गरीब आहे, म्हणून मूल तिच्याकडून घ्यायचं! "तिनं स्वखुशीनं दिलं" असं सांगितलं जातं. घर पडलेलं, चूल विझलेली, अशा वेळच्या होकाराला स्वखुशी म्हणायचं का? हुंड्यापासून नसबंदीपर्यंत बायकांची "संमती" कशी मिळवली जाते हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. नेपाळ सरकारनं २०१५ मध्ये परदेशी दत्तक देणं थांबवलं आणि पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली, ती याच धास्तीनं.

धर्मांतराच्या प्रश्नालाही मी हीच कसोटी लावते. भाकरीबरोबर प्रार्थनेची अट घातली तर ती जबरदस्तीच, मग अट घालणारा कुठल्याही धर्माचा असो. पण अट नसताना एखाद्या बाईनं स्वतः विचार करून धर्म बदलला, तर तिला भोळी किंवा विकली गेलेली ठरवणारे आपण कोण? पंडिता रमाबाईंच्या वेळी हेच झालं. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होतील म्हणून पुण्यात केवढा गदारोळ उठला! मुली काढून नेल्या गेल्या. पण तीन-चार वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा तिथं जाऊन उपाशी बायका-मुलींना केडगावला आणणारी होती ती रमाबाईच. तिथल्या बहुतेक जणी पुढे ख्रिस्ती झाल्या, हे खरं आहे. पण गदारोळ करणाऱ्यांनी त्यांच्यासाठी किती दारं उघडी ठेवली होती, हेही विचारायला हवं. आणि धर्मांतराचा प्रश्नच नसलेली मदतसुद्धा कुठं निर्मळ असते? २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर दलित आणि मुसलमान वस्त्यांना मदत देताना दुजाभाव झाल्याच्या तक्रारी होत्याच.

आपला स्वतःचा अनुभव किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेल्या लातूर-उस्मानाबादच्या गावांवर दगडमातीच्या भिंती आणि माळवदं कोसळली. सरकारी हिशेबानं जवळपास आठ हजार माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवायची ठरली. त्यात घर किती मोठं मिळणार हे जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि थोडी जमीन असलेल्यांना अडीचशे चौरस फूट, त्याहून जास्त असेल त्यांना चारशे, मोठ्या शेतकऱ्यांना साडेसातशे. आधीची विषमता नव्या विटांत पक्की झाली. पण तिथंच आणखी एक गोष्ट घडली. घरं दुरुस्त करून मजबूत करायच्या कामात, स्वयम् शिक्षण प्रयोगच्या पुढाकारानं, महिला मंडळांमधल्या बायका गावोगाव 'संवाद सहायक' झाल्या. कधी कचेरीची पायरी न चढलेल्या बाया सिमेंट, सळई आणि हप्त्यांचा हिशोब विचारू लागल्या. २००१ मध्ये त्यांच्यातल्या काही जणी कच्छला गेल्या, तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला. मदत घेणारी बाई मदत देणारी झाली.

तेव्हा पुढच्या वेळी गावात मिशन येवो, मठ येवो की कंपनी, आपण दारातच काही गोष्टी विचारू या. तुम्ही इथं आधी होतात का, आणि वर्षभरानंतर असाल का? मदतीची यादी करताना गावातल्या बायका बसल्या होत्या का? घर आणि पैसा कुणाच्या नावे जाणार? एकट्या बाईचं, टाकलेल्या बाईचं, रोगामुळे घराबाहेर काढलेल्या बाईचं नाव यादीत आहे का? मूल आईपासून दूर नेण्याआधी आईला काय दिलंत? आणि तुमच्या प्रार्थनेला न येणारीलाही हेच मिळेल ना?

ज्यांची उत्तरं नीट असतील त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करायला आपल्याला लाज वाटायचं कारण नाही. ज्यांची नसतील त्यांना, ते आपल्या धर्माचे असले तरी, परत पाठवायची हिंमत हवी. आणि हेच प्रश्न एकदा आपल्या संघटनेलाही विचारून पाहावेत. पहिला प्रश्न तर आपल्यालाही अवघडच जाईल. किल्लारीला आपल्यापैकी कितीजणी गेलो होतो, आणि वर्षभरानंतर त्यातल्या कितीजणी पुन्हा गेलो?